चौदा महिने, साडेसोळा हजार किलोमीटर: जुनी ऑडी ए३ सेडान रोज वापरताना

ऑगस्ट २०२४ मध्ये मी सहा वर्षे जुनी ऑडी ए३ सेडान घेतली, तेव्हा तिचे ४१,००० किलोमीटर झाले होते. आता काटा ५७,५०० वर आहे. कोथरूड ते हिंजवडी आणि परत, आठवड्यातून चार-पाच दिवस, हे तिचे मुख्य काम. त्याखेरीज मुंबईच्या दहा-बारा फेऱ्या झाल्या आणि गुहागरला दोनदा जाणे झाले. घरात दुसरी चारचाकी नाही, त्यामुळे भाजीपासून दवाखान्यापर्यंत सगळे याच गाडीतून होते.

ए३ सेडान भारतात २०१४ मध्ये आली आणि २०१७ मध्ये तिच्या सुधारित रूपासोबत १.४ लिटरचे पेट्रोल इंजिन आले. माझी गाडी त्या पिढीतील आहे. तिची जुळणी आपल्याच छत्रपती संभाजीनगरजवळच्या शेंद्र्याच्या कारखान्यात होत असे. फोक्सवॅगन समूहाच्या ज्या एमक्यूबी या सामाईक आराखड्यावर ती बेतलेली आहे, त्याच आराखड्यावर त्या काळातील स्कोडा ऑक्टाव्हियाही बेतलेली होती, आणि म्हणून मला सर्वांत जास्त वेळा विचारला गेलेला प्रश्न असा की, ५९० लिटरची डिकी असलेली ऑक्टाव्हिया सोडून ४२५ लिटरच्या डिकीची ही गाडी कशाला घेतली. माझे उत्तर साधे आहे. दहापैकी आठ वेळा गाडीत मी एकटा असतो, आणि आमच्या जुन्या इमारतीत दोन खांबांच्या मधली जी जागा माझ्या वाट्याला आली आहे, तिथे ४,४५८ मिलिमीटर लांबीची ही गाडी लावल्यावर मागे स्कूटर उभी राहण्यापुरती जागा उरते. शिवाय अशा गाड्यांची किंमत पहिल्या काही वर्षांत झपाट्याने उतरते. ती घसरण आणि एकरकमी रस्ता कर, दोन्ही पहिल्या मालकाने सोसलेले होते.

इंजिनाबद्दल मात्र जरा सविस्तर लिहायला हवे. १,३९५ सीसी, १५० पीएस शक्ती आणि २५० न्यूटन मीटर टॉर्क हे आकडे आज काही नव्या मध्यम आकाराच्या गाड्यांतही मिळतात. पण भार कमी असताना दुसरा आणि तिसरा सिलिंडर बंद ठेवून उरलेल्या दोघांवर चालण्याची या इंजिनाची जी सोय आहे, तिचा उपयोग द्रुतगती मार्गावर खरोखर जाणवतो. सपाटीवर ताशी ९० किलोमीटरच्या आसपास ॲक्सिलरेटर हलका ठेवला की गाडी दोन सिलिंडरवर जाते, आणि ते समोरच्या पडद्यावर वाचल्याशिवाय कळत नाही. महामार्गावर मला लिटरला १७ ते १८ किलोमीटर मिळतात, शहरात साडेदहा ते साडेअकरा. गाड्यांची चाचणी घेणाऱ्या एआरएआय संस्थेचा १९.२० हा आकडा जाहिरातीसाठी ठीक आहे. सध्या पंपावर मिळणाऱ्या २० टक्के इथेनॉलच्या पेट्रोलचा हिशेबही यात धरावा लागतो, कारण इथेनॉलमध्ये पेट्रोलपेक्षा सुमारे एक तृतीयांश ऊर्जा कमी असते. म्हणजे नुसत्या गणितानेच सहा-सात टक्के मायलेज जाते. २०१८ ची गाडी या मिश्रणासाठी बनवलेली नाही, म्हणून इंधनाच्या नळ्या आणि सील प्रत्येक सर्व्हिसला तपासून घेण्याचा नेम मी ठेवला आहे.

गिअरबॉक्स सात गतींचा आणि कोरड्या दुहेरी क्लचचा आहे. एक क्लच विषम गिअर सांभाळतो आणि दुसरा सम, त्यामुळे पुढचा गिअर आधीच तयार असतो आणि मोकळ्या रस्त्यावर गिअर बदलल्याचे समजतही नाही. कोंडीत मात्र या रचनेचा स्वभाव ओळखून चालवावे लागते. गाडी मुंगीच्या पावलांनी सरकवत राहिली तर क्लच अर्धवट घासत राहतो, अगदी हाफ क्लचवर चढणीला गाडी धरून ठेवणाऱ्या नवशिक्याप्रमाणे. म्हणून पुढे एक गाडीभर जागा होऊ द्यायची, तोवर ब्रेक पूर्ण दाबून थांबायचे आणि मग एकदाच पुढे जायचे. हे मला सराईतपणे जमायला दोन महिने लागले. सोडलेल्या त्या जागेत भूमकर चौकात किमान तीन दुचाक्या शिरतात, त्याला इलाज नाही. ज्यांचा संपूर्ण प्रवास अशाच कोंडीतला आहे, त्यांनी टॉर्क कन्व्हर्टरचा, म्हणजे क्लचऐवजी तेलातून शक्ती पोचवणारा, साधा ऑटोमॅटिक घ्यावा असे माझे स्पष्ट मत आहे.

या वर्गातील कोणतीही बुटकी सेडान आपल्याकडे रोज चालवायची तर गतिरोधकांचा अभ्यास अटळ आहे. इंडियन रोड्स काँग्रेसच्या नियमाप्रमाणे गतिरोधक ३.७ मीटर रुंद आणि १० सेंटिमीटर उंच, गोलाईचा असावा, आणि तसा असेल तर ही गाडी त्यावरून चौघांसह अलगद जाते. गल्लीतला गतिरोधक बहुधा रात्रीतून उरलेल्या डांबराचा झालेला असतो, उंचीला जास्त आणि रुंदीला हातभर. माझ्या रोजच्या वाटेवर असे दोन आहेत. एक तिरका चढवून पार होतो, दुसऱ्यासाठी मी सहाशे मीटरचा वळसा घेतो. गेल्या जुलैमध्ये बाह्यवळणाच्या सेवा रस्त्यावर पाण्याने भरलेला खड्डा दिसला नाही आणि डाव्या पुढच्या टायरच्या बगलेला लिंबाएवढा फुगा आला. २०५/५५ मापाच्या टायरची बगल जेमतेम ११ सेंटिमीटर असते, ती अशा धक्क्याला पुरत नाही. डिकीतील स्टेपनी अरुंद आणि ताशी ८० च्या मर्यादेची आहे, हे तेव्हा कामाला लागून कळले. एक टायर बदलून भागत नाही, पुढची जोडी बदलावी लागते, म्हणून अशी गाडी घेणाऱ्याने दरवर्षी दोन टायरचा खर्च गृहीत धरावा आणि विमा घेताना टायरचे संरक्षण जोडून घ्यावे.

गुहागरचा पहिला प्रवास आई-बाबांसह होता. उंब्रजला महामार्ग सोडून पाटण, कोयनानगर आणि कुंभार्ली घाट हा रस्ता या गाडीसाठीच आखला असावा असे मला वाटत होते, कारण वळणावर ती झुकत नाही आणि स्टीअरिंग फिरवावे तितकीच वळते. मागच्या सीटवरून बाबांचे मत वेगळे पडले. छत १,४१६ मिलिमीटरवर, म्हणजे गाडीत बसणे हे खरे तर गाडीत उतरणे आहे, आणि गुडघे दुखणाऱ्या माणसाला चिपळूणला चहासाठी बाहेर पडताना दाराचा आधार घेऊन दोनदा प्रयत्न करावा लागला. मागे पायांखाली मधोमध उंचवटा असल्याने तिसरा माणूस लहान मूल असेल तरच बसावा. वाडीकडे उतरणारी जांभ्याची पाखाडी वजा वाट पाहून गाडी मी वरच, देवळाजवळ ठेवली. काकांनी बॅगा आपल्या जुन्या जीपमधून खाली नेल्या आणि त्याबद्दल दोन दिवस ऐकवलेही. परतीला बाबा पुढे बसले, सीट पूर्ण मागे आणि वर करून, तेव्हा कराडपर्यंत झोपले.

देखभालीत एक गोष्ट पैशांहून महत्त्वाची ठरली: पुढच्या जाळीवरच्या ऑडीच्या चार कड्या पाहून भाव सांगणाऱ्यापासून लांब राहणे. ब्रेक पॅड आणि डिस्कसाठी पहिल्या ठिकाणी जो अंदाज मिळाला, त्याच्या निम्म्याहून थोड्या जास्त रकमेत ते काम वारज्याच्या एका गॅरेजने केले, आणि सुटे भाग कोणत्या कंपनीचे आहेत ते खोक्यासह दाखवले. हे शक्य झाले याचे कारण तीच यंत्रणा असलेल्या स्कोडा आणि फोक्सवॅगन शहरात भरपूर आहेत. फक्त या गाडीचे, फक्त ऑडीच्या बिल्ल्याचे असे जे भाग आहेत, म्हणजे दिवे, बंपर, आतली सजावट, तिथे ही सूट संपते. मागच्या दिव्याला स्कूटरची धडक बसली तेव्हा नव्या दिव्याची किंमत ऐकून मी जुना दिवा शोधत दोन रविवार घालवले.

आवाज आणि सीट यांबद्दल तक्रारीला जागा नाही. संध्याकाळी पावणेदोन तास कोंडीत काढून घरी आल्यावर पाठ दुखत नाही, दार बंद करताच बाहेरचा हॉर्न अर्धा होतो, आणि आठव्या वर्षातही डॅशबोर्डमधून एकही खडखड ऐकू येत नाही. पुढच्या महिन्यात उरलेले दोन टायर बदलायचे आहेत. या वेळी दिसायला रुबाबदार आणि कडक बगलेचे घेण्याऐवजी मऊ चालणारे, साधे टायर निवडले आहेत, आणि बाबांसाठी पुढच्या सीटवर ठेवायला दोन इंचांची घट्ट गादी शिवून घेतली आहे.