कार्यक्रम चॅनेल बदलतो तेव्हा टीव्हीचं वेळापत्रक कशाच्या भरवशावर ठेवायचं?

वाचनालयाच्या फलकावर, ज्येष्ठ नागरिक संघाच्या ग्रुपवर किंवा घरातल्या आजीसाठी ‘आज टीव्हीवर काय’ अशी यादी जे लावतात, त्यांच्यासाठी हा आढावा आहे. एरवी वेळ कुठूनही उतरवली तरी चालून जातं. एखादा कार्यक्रम एका चॅनेलवरून उठून दुसरीकडे गेला, की मात्र यादी चुकते आणि ज्याला मोबाइल चाळता येत नाही तो माणूस रात्री नऊ वाजता भलत्याच चॅनेलसमोर बसून राहतो. यादी करायची तर त्याच्यासाठीच करायची, म्हणून हा प्रश्न मला महत्त्वाचा वाटतो.

सोलापुरात हे काम जरा जास्त अवघड आहे, कारण इथे यादी एका भाषेत भागत नाही. शहराच्या पूर्व भागात तेलुगू चॅनेल लागतात, अक्कलकोट आणि दक्षिण सोलापूरकडच्या घरांत कन्नड, आणि मराठी-हिंदी सगळीकडेच. करोडपतीचं उदाहरण घ्या. हिंदीत ‘कौन बनेगा करोडपती’ २००० साली स्टार प्लसवर सुरू झाला आणि २०१० मध्ये सोनीवर गेला, नाव तेच ठेवून. मराठीत २०१३ मध्ये ई टीव्ही मराठीवर ‘कोण होईल मराठी करोडपती’ आला. २०१९ मध्ये तोच खेळ सोनी मराठीवर गेला तेव्हा त्याचं नाव ‘कोण होणार करोडपती’ झालं आणि सूत्रसंचालनाला आले आपल्या करमाळा तालुक्यातल्या जेऊरचे नागराज मंजुळे. तेलुगूत २०१४ मध्ये मा टीव्हीवर ‘मीलो एवरु कोटीश्वरुडु’ होता, २०२१ मध्ये जेमिनीवर तो ‘एवरु मीलो कोटीश्वरुलु’ म्हणून आला. कन्नडमध्ये ‘कन्नडद कोट्यधिपती’ २०१२ मध्ये सुवर्णावर सुरू झाला आणि २०१९ मध्ये कलर्स कन्नडवर दिसला. एकच खेळ, चार भाषा. चारही ठिकाणी चॅनेल बदललं आणि दोन ठिकाणी नावही. अशा वेळी कोणता स्रोत खरं सांगतो, ते आता पाहू.

वर्तमानपत्र आणि सेट-टॉप बॉक्स

वर्तमानपत्रातला टीव्हीचा रकाना आता आखडत चालला आहे. जिथे उरला आहे तिथे मुख्य चॅनेलच्या संध्याकाळच्या वेळा तेवढ्या मिळतात, आणि त्याही आदल्या दिवशी छापायला गेलेल्या. तेलुगू-कन्नड कार्यक्रम मराठी पेपरात शोधायचेच नाहीत. तरीही पेपर टाकून देऊ नका, कारण नवा हंगाम सुरू होताना चॅनेल मोठी जाहिरात देतं. त्या जाहिरातीत तारीख, वार, वेळ आणि चॅनेलचं नाव ही चारही उत्तरं एका जागी असतात. रकान्यापेक्षा ती जाहिरात कापून ठेवलेली बरी.

सेट-टॉप बॉक्समधलं गाईड रोजच्या वेळेसाठी पेपरापेक्षा कितीतरी सरस आहे. साधारण आठवडाभराचं वेळापत्रक दिसतं, चारही भाषांचं दिसतं, आणि वेळ बदलली तर बहुतेकदा तेही कळतं. केबलच्या डिजिटायझेशनच्या दुसऱ्या टप्प्यात, ३१ मार्च २०१३ च्या मुदतीच्या ३८ शहरांत सोलापूर होतं. म्हणजे शहरात बॉक्सची सवय चांगली मुरलेली आहे. काही साध्या बॉक्सवर मात्र फक्त चालू आणि पुढचा कार्यक्रम दिसतो, कधी तेवढंही नाही. आधी आपला बॉक्स काय दाखवतो ते बघून घ्या.

गाईडची खरी मर्यादा मात्र त्याच्या मांडणीतच आहे. ते चॅनेलच्या नावाखाली रचलेलं असतं. कार्यक्रम उठून गेला की जुन्या चॅनेलच्या रांगेत त्या वेळेला दुसरं काहीतरी दिसतं आणि नव्याच्या रांगेत हा कार्यक्रम उगवतो, पण दोन्ही रांगा एकमेकींबद्दल काहीच सांगत नाहीत. तुम्ही जुन्या चॅनेलवर रिमाइंडर लावलेला असेल तर तो कार्यक्रमामागे नव्या चॅनेलवर जात नाही. शिवाय जुन्या चॅनेलवर जुने भाग पुन्हा लागू शकतात. नाव तेच दिसतं आणि कार्यक्रम इथेच आहे असा समज होतो. नवा भाग की पुनःप्रक्षेपण, हे गाईड नेहमी सांगेलच असं नाही.

चॅनेलची जाहिरात, अ‍ॅप आणि केबलवाला

कार्यक्रम कधीपासून आपल्याकडे, हे नवं चॅनेल सगळ्यात आधी आणि सगळ्यात अचूक सांगतं. त्यात त्याचाच फायदा असतो. ‘सोम ते शनि, रात्री ९’ असं स्पष्ट आलं की ते लिहून घ्यायला हरकत नाही. ‘लवकरच’ आलं तर यादीत काहीच लिहायचं नाही. कार्यक्रम गेला, हे मात्र जुनं चॅनेल सहसा सांगत नाही. म्हणून सुरुवातीची तारीख जाहिरातीतून मिळते आणि शेवटची तारीख आपल्याला स्वतः शोधावी लागते.

जाहिरातीचा दुसरा धोका म्हणजे जुने प्रोमो. मागच्या हंगामाचा व्हिडिओ ग्रुपवर फिरत राहतो, त्यात वार आणि वेळ असते, पण साल नसतं. मी अशा फॉरवर्डवरून यादीतली एक ओळही बदलणार नाही. चॅनेलच्या स्वतःच्या पानावर तो कधी टाकला ते पाहिल्याशिवाय तर नाहीच. चॅनेलच्या अ‍ॅपवर भाग नंतर बघता येतो, ते सोयीचं आहे. पण अ‍ॅपवर भाग आला त्या वेळेलाच तो टीव्हीवर लागतो असं धरू नका.

केबलवाल्याला वेळा विचारण्यात अर्थ नाही. त्याच्याकडून एकच गोष्ट घ्यायची, पण ती महत्त्वाची: नवं चॅनेल आपल्या पॅकमध्ये आहे का? ट्रायची (केबल-डीटीएचचे नियम ठरवणाऱ्या सरकारी नियामक संस्थेची) नवी दररचना १ फेब्रुवारी २०१९ पासून लागू झाली आणि तेव्हापासून आपण चॅनेल किंवा त्यांचे गट निवडून पैसे भरतो. २०१० मध्ये करोडपती स्टारवरून सोनीवर गेला तेव्हा सोलापुरात केबल अजून डिजिटल झालेली नव्हती, रिमोटवर चॅनेल शोधलं की काम झालं. आज कार्यक्रम दुसऱ्या समूहाकडे, म्हणजे चॅनेल चालवणाऱ्या दुसऱ्या कंपनीकडे गेला तर वेळ बरोबर लिहूनही पडद्यावर ‘सदस्यत्व नाही’ येऊ शकतं. समूहही स्थिर नसतात. २०१९ मध्ये सुवर्णा आणि कलर्स कन्नड एकमेकांचे प्रतिस्पर्धी होते, आता दोन्ही जिओस्टारकडे आहेत. म्हणून यादीत ‘पॅक तपासा’ अशी एक खूण ठेवावी, तीही चॅनेल बदललेल्या कार्यक्रमापुढेच.

चॅनेलवार तक्ता की कार्यक्रमवार वही?

माझ्या मते स्रोतापेक्षा या निवडीनेच जास्त फरक पडतो. फलकावर चॅनेलवार तक्ता चांगला दिसतो, वाचायलाही सोपा आहे, तो तसाच लावा. पण मूळ नोंद कार्यक्रमवार ठेवा. एका कार्यक्रमाला एक पान: नाव, आधीचं नाव, भाषा, चॅनेल, कधीपासून, कधीपर्यंत, वार, वेळ आणि ही माहिती कुठून व कोणत्या तारखेला घेतली. चॅनेल बदललं की जुनी ओळ खोडायची नाही. तिच्यापुढे शेवटची तारीख लिहायची आणि खाली नवी ओळ सुरू करायची. मग ‘अहो, हे तर कलर्सवर होतं ना?’ असं कोणी विचारलं तर उत्तर वहीतच असतं.

नाव बदललेला कार्यक्रम त्याच पानावर ठेवावा की नवं पान करावं, यावर दुमत होऊ शकतं. मी त्याच पानावर ठेवतो, कारण विचारणारा माणूस जुन्याच नावाने विचारतो. पण कार्यक्रम न जाता फक्त त्यातली माणसं दुसऱ्या चॅनेलवर गेली, तर नवं पान हवंच. कपिल शर्माचा कलर्सवरचा कार्यक्रम २०१६ मध्ये थांबला आणि त्याच वर्षी सोनीवर वेगळ्या नावाने वेगळा कार्यक्रम सुरू झाला. ते दोन कार्यक्रम आहेत, एकाची बदली नव्हे.

आणखी एक गोष्ट वेगळी ठेवा. २०१५ मध्ये ई टीव्ही मराठीचं कलर्स मराठी झालं, तेव्हा एकही कार्यक्रम कुठे गेला नव्हता, पाटी बदलली होती. अशा वेळी चॅनेलचं नाव एका जागी बदलायचं, कार्यक्रमांच्या ओळींना हात लावायचा नाही. चॅनेलचा क्रमांक तर यादीत लिहूच नये. तो प्रत्येक केबलचा आणि डीटीएचचा वेगळा असतो, शेजारच्या घरातला आपल्याला जुळत नाही.

कोणी काय निवडावं

घरात एकट्या आजी-आजोबांसाठी एवढा खटाटोप नको. बॉक्सचं गाईड रोज बघून वेळ सांगा आणि बदललेल्या चॅनेलचा त्यांच्या रिमोटवरचा क्रमांक मोठ्या अक्षरांत कागदावर लिहून द्या. इथे क्रमांक चालतो, कारण बॉक्स एकच आहे.

वाचनालय किंवा संघाने कार्यक्रमवार वही ठेवावी, नव्या हंगामाची तारीख चॅनेलच्या जाहिरातीतून घ्यावी आणि ती गाईडमध्ये दिसेपर्यंत फलकावर कच्च्या पेन्सिलीनेच लिहावी. महाएपिसोड आणि महासंगमच्या आठवड्यात वेळा सरकतात, त्या दिवशी सकाळी पुन्हा गाईड बघावं. तेलुगू आणि कन्नड रकाने मात्र ती भाषा घरी बोलणाऱ्याकडेच सोपवा. ‘मीलो एवरु’ आणि ‘एवरु मीलो’ यांत नेमकं काय बदललं, ते त्याला एका नजरेत दिसतं.

आणि चॅनेल बदलल्यानंतरचे पहिले दोन आठवडे जुन्या चॅनेलची तीच वेळ गाईडमध्ये बघत राहा. तिथे जुने भाग लागत असतील तर फलकावर त्यांच्यापुढे ‘जुने भाग’ असं लिहा. दोन्ही चॅनेलवर एकच नाव बघून विचारायला येणारे बहुतेक या दोन आठवड्यांतच येतात.