औषधे देणाऱ्या मदतनिसांसाठीचा तीन दिवसांचा वर्ग: पाच महिन्यांनंतरचा अभिप्राय

वर्धा जिल्ह्यातील आर्वी तालुक्यात आमचा २६ जणांचा वृद्धाश्रम आहे. गेल्या नोव्हेंबरात नागपूरच्या एका प्रशिक्षण संस्थेला बोलावून आम्ही आमच्या सहा मदतनिसांसाठी सुरक्षितपणे औषधे देण्याचा तीन दिवसांचा वर्ग घेतला. शुल्क प्रत्येकी १,५०० रुपये होते, आणि प्रशिक्षिकेचा प्रवास व मुक्काम आमच्याकडे होता. देणगीवर चालणाऱ्या संस्थेला ही रक्कम लहान नाही, म्हणून अभिप्राय लिहायला मुद्दाम पाच महिने थांबलो. वर्ग संपला त्या संध्याकाळी लिहिला असता तर तो अधिक गोड झाला असता.

वर्गाची गरज का भासली, ते आधी सांगितले पाहिजे. आमच्याकडे दिवसा एक एएनएम (सहायक परिचारिका) सिस्टर असतात आणि आठवड्यातून एकदा तालुक्याहून डॉक्टर येतात. पहाटेच्या आणि रात्रीच्या गोळ्या मात्र सातवी ते दहावी शिकलेल्या मावशीच देतात. मागच्या पावसाळ्यात आमचे एक आबाजी रुग्णालयातून परत आले. त्यांची रक्तदाबाची अमलोडिपिन पूर्वीपासून चालू होती. सुटीच्या कागदावर तीच गोळी दुसऱ्या कंपनीच्या नावाने लिहून आली, आणि चार दिवस त्यांना दोन्ही दिल्या गेल्या. पाचव्या दिवशी ते न्हाणीघरात चक्कर येऊन पडले. हाड मोडले नाही, हे नशीब. मावशीवर ठपका ठेवणे सोपे होते, पण तिने कागदावर होते तेच दिले होते. जुना कागद आणि नवा कागद कोणी जुळवून पाहायचा, हे आम्ही व्यवस्थापनाने कधी ठरवलेच नव्हते.

पहिल्या दिवशी प्रशिक्षिका व्याख्यानाला उभ्या राहिल्या नाहीत. सकाळी आठच्या फेरीत त्या वही घेऊन मावशींच्या मागे नुसत्या फिरल्या आणि फेरी संपल्यावर जे पाहिले ते वाचून दाखवले. योग्य व्यक्ती, योग्य औषध, योग्य मात्रा, योग्य मार्ग आणि योग्य वेळ ही पाच सूत्रे कोणत्याही पुस्तकात सापडतात. आमची माणसे यातील कोणते सूत्र नेमके कोठे मोडतात, हे त्यांनी आमच्याच वऱ्हांड्यात दाखवून दिले. आमच्याकडे दोन शांताबाई आहेत. मावशी विचारायची, “तुम्ही शांताबाई ना?” विस्मरण झालेली आजी अशा प्रश्नाला मान डोलावते, नाव कोणाचेही घ्या. तेव्हापासून “तुमचे नाव काय?” असे विचारायचे आणि तक्त्यावरचा फोटो पाहायचा, असा नियम झाला. गोळी गिळून झाल्यावरच तक्त्यावर सही करायची, हाही त्याच दिवशीचा नियम. त्याआधी आमच्याकडे सगळ्यांच्या सह्या फेरी सुरू होण्यापूर्वीच होत असत, आणि हे मला स्वतःला माहीत होते.

सर्वांत उपयोगी ठरला तो गोळ्यांच्या स्ट्रिपचा धडा. गावाकडच्या दुकानात स्ट्रिप कात्रीने कापून पाच-सहा गोळ्या देण्याची रीत आहे. त्या कापण्यात औषधाचे अर्धे नाव एका तुकड्यावर जाते आणि मुदतीची तारीख दुसऱ्यावर. प्रशिक्षिकेने आमच्याच कपाटातील असे तुकडे टेबलावर ओतले आणि प्रत्येकीला एकेक ओळखायला सांगितले. निम्म्याहून अधिक तुकडे कोणालाच ओळखता आले नाहीत, सिस्टरांनाही नाही. न ओळखलेली गोळी अंदाजाने द्यायची नाही, बाजूला ठेवून विचारायचे, हे तेव्हा कोणाला वेगळे समजावून सांगावे लागले नाही.

गोळ्या कुटण्याचेही तसेच. आमच्याकडे गिळायला त्रास होणाऱ्यांच्या गोळ्या खलात कुटून वरणात कालवल्या जात. नावापुढे ‘एसआर’, ‘एक्सएल’ किंवा ‘ईआर’ अशी अक्षरे असतील तर ती गोळी दिवसभर सावकाश विरघळण्यासाठी बनवलेली असते, आणि कुटली की सगळे औषध एकदम अंगात उतरते. मधुमेहाची मेटफॉर्मिन एसआर आम्ही वर्षभर कुटत होतो. मावशींना इंग्रजी वाचता येत नसले तरी ही अक्षरे चित्रासारखी लक्षात राहतात, हे ओळखून प्रशिक्षिकेने ती मोठ्या अक्षरांत रंगवून कपाटाच्या दारावर लावली.

इन्शुलिनबाबत वर्गाची भूमिका स्पष्ट होती: इंजेक्शन सिस्टरच देतील, पण सिरिंज प्रत्येकीला ओळखता आली पाहिजे. आपल्याकडे इन्शुलिनच्या कुप्या एका मिलिलिटरमध्ये ४० युनिटच्या आणि १०० युनिटच्या अशा दोन तीव्रतांच्या मिळतात. लाल टोपीची सिरिंज ४० साठी असते आणि केशरी टोपीची १०० साठी. १०० ची कुपी घेऊन लाल टोपीच्या सिरिंजमध्ये २० च्या रेषेपर्यंत औषध भरले, तर प्रत्यक्षात ५० युनिट जातात. नागपूरला नोकरी करणारा मुलगा तिकडच्या दुकानातून कुपी घेऊन येतो आणि आश्रमातील सिरिंजा आर्वीच्या असतात, तेव्हा ही गफलत किती सहज घडेल, हे सांगण्याची गरज नाही. पाण्याने भरलेल्या सिरिंजा हातात देऊन हा हिशेब प्रत्येकीकडून करून घेतला गेला. माझ्या मते शुल्क या एका तासातच वसूल झाले.

आता उणिवा. वर्गासोबत मिळालेली पुस्तिका उघडउघड अमेरिकी पुस्तिकेवरून उतरवलेली आहे. तिकडे नर्सिंग असिस्टंटला किमान ७५ तासांचे प्रशिक्षण संघराज्याच्या नियमानेच लागते, आणि अनेक राज्यांत औषधे देण्यासाठी त्यावर वेगळे शिक्षण व परीक्षा असते. नर्सिंग होममधील औषधांच्या चुकांचे प्रमाण ५ टक्क्यांच्या आत असले पाहिजे, असाही नियम आहे, आणि तपासनीस स्वतः फेरी पाहून ते मोजतात. हे सगळे वाचायला चांगले आहे. परंतु पुस्तिकेतील प्रत्येक दुसऱ्या पानावर ‘नर्सला कळवा’ आणि ‘फार्मासिस्टला विचारा’ असे लिहिलेले आहे. पहाटे पाच वाजता थायरॉइडची गोळी उपाशीपोटी देणाऱ्या आमच्या मावशीजवळ विचारायला फक्त मोबाइल असतो, आणि त्यालाही खोलीच्या एकाच कोपऱ्यात रेंज मिळते.

उपवासाचा प्रश्न मावशींनीच काढला. एकादशीला काही आजी साबुदाण्याचा दाणाही तोंडात घेत नाहीत, मग साखरेची गोळी द्यायची की नाही? मधुमेहाची ग्लिमेपिराइडसारखी गोळी घेऊन जेवण झाले नाही तर रक्तातील साखर धोकादायक खाली येऊ शकते. म्हणजे प्रश्न नेमका आणि जिवाचा होता. “डॉक्टरांना विचारा” एवढेच उत्तर मिळाले. प्रत्येकाच्या तक्त्यावर ‘जेवण नसेल तर काय’ हा रकाना आधीच डॉक्टरांकडून भरून घ्यावा, हे आम्हाला नंतर स्वतःच सुचले. उन्हाळ्याबद्दलही पुस्तिका गप्प आहे. मे महिन्यात ४५ अंशांच्या वर पारा असताना आणि दुपारी वीज गेलेली असताना इन्शुलिनच्या कुप्या माठाजवळ ओल्या फडक्यात ठेवायच्या की नाही, यावर विदर्भात शिकवणाऱ्या माणसाचे मत तयार असायला हवे होते.

वेळही चुकीची निवडली गेली, आणि त्यात अर्धा दोष माझा. नोव्हेंबर म्हणजे कापसाच्या वेचणीचे दिवस. दोन मावशी एरवी सुटीच्या दिवशी वेचणीला जाऊन किलोवर पैसे कमावतात. त्या तीन दिवसांची मजुरी त्यांना ना आम्ही दिली, ना संस्थेने.

आमच्या एका विश्वस्तांना आधी शंका होती की इतक्या कमी शिकलेल्या बायकांना हे जमेल का. त्यांना गडचिरोलीची आठवण करून द्यावी लागली. तेथे डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेने खेड्यांतील बायकांना नवजात बाळांची तपासणी करायला आणि गरज पडल्यास जेंटामायसिन या प्रतिजैविकाचे इंजेक्शन द्यायलाही शिकवले. ३९ गावांतील तो प्रयोग १९९९ मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात छापून आला आणि नवजात मृत्यूंत ६२ टक्के घट त्यात नोंदवलेली आहे. जमण्याचा प्रश्न तेथेच निकाली निघाला. पण तेथे शिकवून कोणी निघून गेले नव्हते, देखरेख सतत चालू होती. आमच्या वर्गानंतर संस्थेकडून एक प्रमाणपत्र आणि एक फोन नंबर, एवढेच मागे राहिले.

तरीही मी चार तारे देतो आहे, त्याला कारण फेब्रुवारीतील एक सकाळ आहे. एका आजीच्या मुलाने घरून आणलेला चार गोळ्यांचा कापलेला तुकडा मावशीच्या हातात दिला आणि “आईला रोज एक द्या” म्हणून सांगितले. मावशीने तो खिडकीपाशी नेऊन उजेडात धरला, उलटसुलट केला आणि परत दिला. “हे गोयी कायची हाय ते वाचता येत नाही जी, मी नाही देत.” मुलगा चिडला आणि माझ्याकडे तक्रार घेऊन आला. पूर्वी त्याच मावशीने ती गोळी निमूट दिली असती, आणि कदाचित मीही तिला तसेच सांगितले असते. दुकानदाराला फोन केल्यावर ती सांधेदुखीसाठीची मेथोट्रेक्सेट निघाली, जी आठवड्यातून एकदाच घ्यायची असते आणि रोज घेतली तर जिवावर बेतते.

संस्थेला मी दोन गोष्टी लेखी कळवल्या आहेत. वर्गानंतर दोन महिन्यांनी अर्ध्या दिवसाची फेरतपासणी असावी, आणि पुस्तिकेत उपवास, उन्हाळा व कापलेल्या स्ट्रिपा यांवर प्रत्येकी एक पान असावे. पहिल्या गोष्टीला त्यांनी २,००० रुपये वेगळे घेऊन होकार दिला आहे, दुसरीवर अजून उत्तर नाही. पुढच्या वर्गासाठी त्यांना किमान दहा जण लागतात, म्हणून शेजारच्या तालुक्यातील एका आश्रमाला बरोबर घेऊन आम्ही तो पुढच्या मार्चमध्ये, वेचणी आटोपल्यावर ठेवणार आहोत, आणि या वेळी मावशींची तीन दिवसांची मजुरी खर्चाच्या अंदाजात आधीच धरली आहे.