१८६५० सेल: अकरा महिने रात्रीची दारं धरल्यानंतरचा अनुभव

गेल्या महिन्यात दारं धरताना, म्हणजे पिकाला पाणी देताना, पहाटे अडीचच्या सुमारास उसाच्या बांधावर माझ्या हातातली बॅटरी (टॉर्च) चटका बसेल एवढी तापली. ती हातातून निसटून दगडावर आपटली होती. उचलली तर उजेड गेलेला, पण नळी गरम होत चाललेली. मी ती नांगरून ठेवलेल्या मोकळ्या रानात जोरात फेकली आणि थोरल्या चुलतभावाला ओरडून सांगितलं, "दादा, तिकडं जाऊ नको." पाणी तसंच सोडून आम्ही दोघं अर्धा तास लांब उभे राहिलो. सुदैवाने पुढे काही झालं नाही. तिच्यात १८६५० नावाचा, परत भरता येणारा लिथियम सेल असतो. दोन महिन्यांपूर्वी मी या सेलचा अनुभव लिहिला असता, तर बिनसर्किटचा, म्हणजे आत सुरक्षेचं सर्किट नसलेला सेल घ्या असं सांगून मोकळा झालो असतो. आज तसं सांगणार नाही.

आमच्याकडे टॉर्चलाच बॅटरी म्हणतात, म्हणून आतल्या वस्तूला मी सेल म्हणतोय. गाव जुन्नर तालुक्यात. शेतीची लाईट एक आठवडा दिवसा, एक आठवडा रात्री. शेजारच्या फडात बिबट्या असतो, हे इथल्या पोरासोरांनाही ठाऊक आहे. रात्री दारं धरायला जाणाऱ्या माणसाला उजेड लागतोच, आणि तो उजेड सहा तास टिकावा लागतो.

सुरुवात मी स्वस्तातच केली. तालुक्याच्या बाजारातून १२० रुपयाला एक असे दोन सेल आणले, वर ठळक छापलेली क्षमता '९९०० एमएएच'. तासाभरात उजेड पिवळा पडायचा. शेवटी किराणा दुकानातल्या इलेक्ट्रॉनिक काट्यावर एक सेल ठेवला, तर ३१ ग्रॅम. चांगला १८६५० साधारण ४५ ते ४८ ग्रॅम भरतो. पुढे क्षमता मोजणारा चार्जर घेतला, त्यावर या ९९०० वाल्यातून १०४० निघाले. १८ मिलिमीटर जाडी आणि ६५ मिलिमीटर लांबीच्या डबीत नावाजलेल्या कंपन्यांचे नेहमीचे सेल ३५००-३६०० ला थांबतात. ९९०० अजून कुणाच्याच बापाला जमलेलं नाही. एवढ्यासाठी २४० रुपये गेले, याची चुटपुट मला आजही आहे.

पुतण्या इंग्लंडात नोकरीला आहे आणि त्याच्या वेपमध्ये, म्हणजे ई-सिगारेटमध्ये, हाच १८६५० सेल असतो. त्याची ती सवय मला पटत नाही. आपल्याकडे तर २०१९ च्या कायद्याने ई-सिगारेट विकायलाही बंदी आहे. पण सेलचा अभ्यास त्या पोराचा पक्का. तो म्हणाला, "काका, एमएएच नंतर बघा, आधी अँपिअर बघा." म्हणजे सेल एका वेळी किती करंट देऊ शकतो ते. त्याचा हिशोब सरळ आहे. सेल पूर्ण भरला की ४.२ व्होल्ट. वेपमधली तापणारी तार, म्हणजे कॉइल, ०.२ ओहमची असेल तर ४.२ भागिले ०.२, म्हणजे २१ अँपिअर. सॅमसंगचा २५आर सतत २० अँपिअर देऊ शकतो, म्हणजे २१ त्याच्याही मर्यादेबाहेर. म्हणून पोरगा पाव ओहमच्या खाली जात नाही. अँपिअर जास्त हवे असले की क्षमता सोडावी लागते: २५आर २५०० चा, तर त्यांचाच ३५ई ३५०० चा पण सतत ८ अँपिअरचा. माझी बॅटरी पूर्ण उजेडाला तीनच अँपिअर ओढते. त्यामुळे त्याला जो सेल योग्य, तो मला नको. मला क्षमता हवी.

मग घेतला सर्किटवाला सेल, ३४०० चा, साडेसहाशे रुपयांना. याच्या बुडाला एक छोटं सर्किट असतं. सेल जास्त भरला, फार उतरला किंवा शॉर्ट झाला की ते पुरवठा तोडतं. काट्यावर ४८ ग्रॅम, चार्जरवर ३३१०. तीन महिने मी खूश होतो. मग एके रात्री पाटात उतरलेलो असताना उजेड एकदम गेला. आधी मंद होणं नाही की लुकलुकणं नाही, एकदम काळोख. सेल उतरला म्हणून सर्किटने तोडला होता. त्याने त्याचं काम केलं, पण गुडघाभर पाण्यात आणि शेजारी ऊस असताना मला ते पटेना. घरी आल्यावर बायको म्हणाली, "दोन बॅटऱ्या घेऊन जात जा." ते ऐकायला हवं होतं.

मी मात्र बिनसर्किटचा ३५०० चा सेल मागवला. हळूहळू मंद होतो, शिवाय तीनशे रुपयांनी स्वस्त. आता ज्या गोष्टीसाठी हे सगळं लिहितोय ती सांगतो. सर्किटवाल्या सेलला वर उंचवट्याची टोपी असते आणि तो ६९-७० मिलिमीटर भरतो. बिनसर्किटचा सपाट डोक्याचा आणि ६५ चा. माझ्या बॅटरीत तो टेकेना. मोटर रिवायंडिंग करणाऱ्याने बटणाएवढं लोहचुंबक दिलं, "हे ठेव वर, काम होईल." झालं. चार महिने झकास चाललं.

सकाळी आम्ही फेकलेली बॅटरी शोधून उघडली. चुंबक मधून सरकून कडेला चिकटलं होतं. सेलच्या डोक्यावर, प्लसच्या भोवती, कागदाची एक पांढरी चकती असते. ती एका बाजूने करपून काळी पडली होती आणि तिथलं प्लास्टिकचं वेष्टन आक्रसून खालचा पत्रा दिसत होता. आपल्याला वाटतं मायनस फक्त बुडाला. नाही. सेलचा अख्खा डबा, पार वरच्या काठापर्यंत, मायनस असतो. प्लस आणि तो काठ यांच्यामध्ये एवढासा कागद आणि पातळ वेष्टन. चुंबकाने तेच ओलांडलं. बंद नळीत सेलने वायू सोडला असता, तर ती नळी माझ्या हातात फुटली असती. चार मिलिमीटर भरून काढायला आपण चुंबक, नाणं, चांदीचा कागद घालतो. कृपा करून घालू नका. आणि टोपी बसवायला सेलवर सोल्डरिंगचा कावीया तर अजिबात टेकवू नका, ती उष्णता थेट आत जाते.

तेव्हापासून मी प्रत्येक सेलची ती चकती आणि वेष्टन भिंगाने बघतो. घरचे कंटाळलेत. वेष्टनाला नखाएवढी चीर असली तरी तो सेल वापरत नाही. नवीन वेष्टन आणि चकती पाच-दहा रुपयांत मिळते आणि गरम हवेने आक्रसून घट्ट बसते. सुटा सेल खिशात ठेवत नाही, कारण खिशात पेटीची किल्ली आणि चिल्लर असते. वीस रुपयांची प्लास्टिकची डबी घेतली आहे.

चार्जिंगबद्दल थोडंच सांगतो. गादीवर किंवा रात्रभर नको, मी फरशीवर, डोळ्यासमोर लावतो. भरलेला सेल मल्टिमीटरवर ४.२ च्या वर दिसत असेल तर तो चार्जर फेका. माझ्या जुन्या चार्जरवर ४.३१ दिसलं होतं. अडीच व्होल्टच्या खाली गेलेला सेल परत भरत नाही, आणि उन्हाळ्यात पत्र्याच्या शेडमध्ये सेल ठेवत नाही. विकत घेताना आयएस १६०४६ चा भारतीय मानक शिक्का आणि 'आर' ने सुरू होणारा नोंदणी क्रमांक बघतो. पण शिक्काही छापता येतो, म्हणून काटा सोडलेला नाही.

सध्या त्याच सर्किटवाल्या सेलवर परत आलोय. अचानक काळोख होतो ही तक्रार कायम आहे, पण आता डोक्याला दुसरी छोटी बॅटरी बांधतो आणि तिच्या उजेडात सेल बदलतो. परवा मोजला, अकरा महिन्यांनी ३१८० भरला. साडेसहाशे रुपये वसूल झाले. ते दोन ९९०० वाले आणि करपलेला सेल टोकांना चिकटपट्टी लावून पत्र्याच्या डब्यात वेगळे ठेवलेत. घंटागाडीत टाकणार नाही, पुण्याला जाईन तेव्हा ई-कचरा घेणाऱ्याकडे देईन.