ऑर्चर्ड रोडवर कॅमेरा घेताय? आधी खोका उघडा, मगच कार्ड द्या

सिंगापूरच्या ऑर्चर्ड रोडवरच्या एका मॉलमधल्या इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानाने एका कॅमेऱ्यापोटी आमच्याकडून २,२८८ सिंगापूर डॉलर उकळले. क्रेडिट कार्डाच्या स्टेटमेंटवर ते १,६१,३५५ रुपये ३९ पैसे झाले. तोच मिररलेस कॅमेरा, त्याच किट लेन्ससह, त्याच रस्त्यावरच्या एका डिपार्टमेंटल स्टोअरमध्ये १,२९९ डॉलरचं लेबल लावून काचेत ठेवलेला होता. लिहिताना अजून कानशिलं तापतात. तक्रार चालू असल्यामुळे दुकानाचं नाव देत नाही.

"सिंगापुरात कुणी फसवत नाही, तिथला कायदा फार कडक," असं आपल्याकडे टूरवाल्यांपासून सोसायटीतल्या काकांपर्यंत सगळे सांगतात. याच भरवशावर त्या दुकानदारांचा धंदा चालतो. २०१४ मध्ये सिम लिम स्क्वेअर या तिथल्या इलेक्ट्रॉनिक्सच्या मॉलमध्ये एका व्हिएतनामी पर्यटकाला आयफोन ६ आधी ९५० डॉलरला विकला आणि मग वॉरंटीच्या नावाखाली आणखी १,५०० डॉलर मागितले. तो माणूस दुकानात गुडघे टेकून रडत होता, त्याचा व्हिडिओ जगभर फिरला. पुढच्या वर्षी त्या दुकानदाराला ३३ महिन्यांची कैद झाली. पण हे जग ओरडल्यावर झालं. ज्यांचा व्हिडिओ निघत नाही त्यांचं काय होतं, ते आम्ही पाहिलं.

ऑर्चर्ड रोड साधारण २.२ किलोमीटरचा. ऑर्चर्ड, सॉमरसेट आणि धोबी घाट अशी तीन एमआरटी (तिथली मेट्रो) स्टेशनं त्याच्यावर. बाहेरून सगळे मॉल सारखेच चकाचक दिसतात, पण आत दोन प्रकार आहेत आणि हा फरक एकही गाईड सांगत नाही. आयन ऑर्चर्डसारख्या मॉलमध्ये अख्खी इमारत एकाच व्यवस्थापनाच्या हातात असते आणि दुकानं भाड्याने दिलेली असतात. एखाद्या दुकानाबद्दल तक्रारी वाढल्या, तर त्याचा भाडेकरार पुढे वाढत नाही. दुसऱ्या प्रकारात एकेक गाळा वेगवेगळ्या मालकाने विकत घेतलेला असतो, आपल्याकडच्या जुन्या शॉपिंग सेंटरमध्ये असतो तसा. तिथे मॉलच्या ऑफिसला दुकानदाराला बाहेर काढायचा अधिकार सहसा नसतो. तक्रार घेऊन गेलात तर ते हात वर करतात. छोटे गाळे, वस्तूंवर किमतीचं लेबल नाही, काउंटरवर मोठा कॅल्क्युलेटर आणि दारात उभं राहून "मुंबई से? मुस्तफा से सस्ता देगा भाई" (मुस्तफा म्हणजे भारतीय पर्यटकांचं तिथलं ठरलेलं मोठं दुकान) म्हणणारा माणूस, हे सगळं एकत्र दिसलं की पुढे चालू लागा. सगळेच गाळेवाले चोर नाहीत, पण लेबल नसलेल्या दुकानात कॅमेरा किंवा फोन घेण्याचं काहीएक कारण नाही.

आता पद्धत. कॅल्क्युलेटरवर १,१८० आकडा दाखवला. डिपार्टमेंटल स्टोअरच्या लेबलापेक्षा ११९ डॉलर कमी, म्हणजे विश्वास बसावा इतकंच कमी. अर्ध्या किमतीत देतो म्हणाला असता, तर कुणीही उठून गेलं असतं. आम्ही काही फुकटात मिळवायला गेलो नव्हतो, बाजारभावाच्या आसपासचा सौदा केला होता. कार्ड घेतलं, १,१८० स्वाइप केले आणि मग सांगितलं, माल गोदामातून येतोय, पंधरा मिनिटं. नेमकं इथेच सगळं कळायला हवं होतं. काउंटरवर खोका नाही, बिलावर मॉडेल नंबर नाही, सीरियल नंबर नाही आणि पैसे गेलेले. त्या घडीला आपण ग्राहक राहत नाही, आपलेच पैसे सोडवायला बसलेले याचक होतो.

खोका येतो तो वेगळ्याच, साध्या मॉडेलचा. तुम्ही बोट दाखवलेलं मॉडेल "या पैशांत येत नाही". मग दुसरा माणूस येतो, जरा सुटाबुटातला. तो समोरच्या कॅमेऱ्यातले दोष दाखवू लागतो: याचा मेन्यू जपानी आहे, याचा व्हिडिओ भारतातल्या टीव्हीवर चालणार नाही, याला वॉरंटी फक्त सिंगापुरात. पैसे परत मागितले की "मशीनमधून गेले, रिफंड होत नाही". मूळ मॉडेल हवं असेल तर वर ७९० भरा. त्यात दोन क्लिप-ऑन काचा "टेली आणि वाइड लेन्स" म्हणून २२० ला आणि ६४ जीबीचं मेमरी कार्ड ९८ ला. असलं कार्ड २० डॉलरच्या आत मिळतं. दुसरा स्वाइप १,१०८ चा. सोबत बारीक अक्षरातला कागद आणि "डिलिव्हरीसाठी सही". तो कागद डिलिव्हरीचा नसतो. माल पाहिला, पसंत केला, परतावा नाही, असं त्यावर लिहिलेलं असतं.

इतके पैसे द्यायला कुणी का तयार होतं? कारण जीएसटी, म्हणजे तिथला विक्रीवरचा कर, जो पर्यटकाला परत मिळू शकतो. "नऊ टक्के एअरपोर्ट पे वापस, २०६ डॉलर," असं म्हणून बिलावर पासपोर्ट नंबर हाताने लिहिला. हे साफ खोटं. एक तर ९ टक्के कर किमतीत धरलेला असतो, म्हणून २,२८८ वर कर निघतो १८८.९२ आणि त्यातूनही हाताळणी शुल्क कापलं जातं. दुसरं, परताव्याच्या योजनेत सामील होणं दुकानांना ऐच्छिक आहे. सामील दुकान मूळ पासपोर्ट पाहून खरेदीची नोंद संगणकावर करतं आणि मगच चांगी विमानतळावरच्या मशीनवर ती दिसते. हाताने लिहिलेल्या नंबराला काही किंमत नाही. आमच्या पासपोर्टवर मशीनने या दुकानाची एकही नोंद दाखवली नाही. खरेदी किमान १०० डॉलरची लागते, हेही लक्षात असू द्या.

तिसरा खड्डा कार्डाच्या मशीनचा. परदेशी कार्ड घातलं की पडद्यावर दोन पर्याय येतात, रुपये की डॉलर. मशीनचं तोंड दुकानदाराकडे होतं आणि त्याने परस्पर रुपयांवर बोट ठेवलं. त्या दिवशी कार्ड नेटवर्कचा (व्हिसा, मास्टरकार्ड वगैरे) दर डॉलरला ६६.४० होता, मशीनने लावला ६९.७०. वर बँकेने रुपयांतल्या परदेशी व्यवहाराचं १ टक्का शुल्क आणि त्यावर आपल्याकडचा १८ टक्के जीएसटी, म्हणजे १,८८१.७९ रुपये लावले. डॉलर निवडले असते, तर बँकेचा साडेतीन टक्के मार्कअप (परकीय चलनाचं शुल्क) आणि त्यावरचा जीएसटी धरूनही ३,१५७ रुपये वाचले असते. हे फक्त लबाड दुकानात होतं असं नाही, चांगल्या मॉलमध्येही हाच पर्याय पुढे करतात. मशीन स्वतःच्या हातात घ्या आणि नेहमी डॉलर निवडा.

आणि आता दाद मागण्याबद्दल. पोलिसांनी कागद पाहिला, सही पाहिली आणि सांगितलं की हा पैशांचा दिवाणी वाद आहे, गुन्हा नाही. अर्धी रक्कम वस्तू बदलून उकळली, हे सांगायला तोंड उघडलं तर पुन्हा सहीवर बोट! ग्राहकांच्या मदतकेंद्रावर सांगितलं, दुकानदाराला पत्र पाठवू, तो तयार झाला तर बोलणी करू. तो कशाला तयार होईल? पसंत पडलं नाही म्हणून दुकानातली वस्तू परत घेण्याचं बंधन तिथल्या कायद्यात नाही. पाच दिवसांत करार मोडायची सवलत आहे ती घरोघरच्या विक्रीला, टाइम शेअरला वगैरे. छोट्या दाव्यांचं न्यायाधिकरण आहे, २०,००० डॉलरपर्यंतचे दावे घेतं आणि तिथे वकील उभा राहू शकत नाही. म्हणजे मार्ग चांगला आहे. पण टूरवर आलेल्या माणसाचं विमान उद्याचं असतं आणि हे दुकानदाराला आपल्याइतकंच ठाऊक असतं. म्हणून मोठी खरेदी शेवटच्या संध्याकाळी करू नका, पहिल्या दिवशी करा.

भारतात परतल्यावर १९१५ ला, म्हणजे राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनला फोन केला. दुकान परदेशातलं, आमच्या कक्षेत नाही. ठीक. पण बँक तर इथलीच! "पिन तुम्ही टाकला, वस्तू तुम्हाला मिळाली, वाद बसत नाही," एवढंच छापील उत्तर. वस्तू सांगितली ती दिली नाही, या कारणाखाली चार्जबॅक (बँकेमार्फत दुकानाकडून पैसे परत) मागता येतो, हे कस्टमर केअरच्या माणसाला आम्ही समजावून सांगायचं? त्याने मागितलेले कागद दिले, की तेच कागद पुन्हा मागणारा नवा मेल येतो, तक्रार क्रमांक बदललेला. फुकटची वार्षिक फी न चुकता कापणाऱ्या बँकेला ग्राहकाचं बिल उघडून वाचायला माणूस मिळत नाही. तुमच्यावर वेळ आली, तर फोनवर बोलू नका, लेखी द्या. "माल वर्णनाप्रमाणे नाही" हेच शब्द वापरा. लेबलाच्या किमतीचा फोटो आणि दोन्ही स्लिपा जोडा. ३० दिवसांत उत्तर आलं नाही किंवा नकार आला, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे ऑनलाइन तक्रार करता येते, पैसे लागत नाहीत.

चलनाच्या पर्यायाची तक्रार वेगळी करा. पर्याय ग्राहकाने निवडायचा असतो, दुकानदाराने नाही, हा कार्ड नेटवर्कचाच नियम आहे. पण स्लिपवर खाली बारीक अक्षरात छापलेलं असतं की कार्डधारकाला चलन निवडू दिलं होतं. बँक आता तीच ओळ आमच्या तोंडावर फेकते आहे. स्लिपवर रुपयांचा आकडा दिसला, की दुकानातून हलू नका. सही करू नका, व्यवहार रद्द करायला लावा, रद्द झाल्याची स्लिप घ्या आणि मगच डॉलरमध्ये नवा व्यवहार करू द्या.