इकोप्ला गंडाम: आठ महिने वापरल्यावर

जपानी कंपनी बांदाईचा 1/144 मापाचा इकोप्ला गंडाम, म्हणजे गंडाम रोबोचं सुटे भाग जोडून बनवायचं प्लास्टिकचं मॉडेल, अंगठ्यापासून शिंगापर्यंत एकाच काळ्या रंगात येतो. उंची साधारण साडेबारा सेंटीमीटर. किट जोडल्यावर उरणारे रनर, म्हणजे भाग धरून ठेवणाऱ्या चौकटी, 2021 पासून जपानमध्ये गोळा केल्या जातात आणि त्यांचं प्लास्टिक यात वापरलं जातं. पांढरं, निळं, लाल, पिवळं एकत्र वितळलं की मळकट रंग येतो आणि तो झाकायला काळाच लागतो. हा काळा रंग समजून घेतला तरच किट नीट बनतं.

सगळ्यात जास्त त्रास पांढऱ्या डागांचा. निपरने, म्हणजे छोट्या कापायच्या पकडीने, भाग तोडताना पॉलिस्टायरिन दाबलं जातं, आत अतिशय बारीक भेगा पडतात आणि उजेड तिथे विखुरतो. पांढऱ्या किटवर हे दिसतही नाही, इथे खडूने टिंब दिल्यासारखं उठून दिसतं. म्हणून पहिला काप भागापासून 3 मिमी लांब. दुसऱ्या कापात अर्धा मिमी शिल्लक ठेवा, तो नव्या पात्याने थोडा थोडा तासा, मग 600, 800, 1000 नंबरचा पॉलिश पेपर पाण्यात भिजवून फिरवा. तरी डाग राहिलाच तर नखाची पाठ जोरात घासा, बरेचसे डाग तेवढ्याने जातात. हेअर ड्रायर लावायचा मोह टाळा. पातळ भाग वाकतात.

कपाळावरचं व्ही आकाराचं शिंग वेगळ्या पद्धतीने काढावं. आधी भोवतीची चौकटच तुकड्यांत कापून शिंग मोकळं करा, म्हणजे त्यावर ताण राहत नाही. मगच गेट, म्हणजे भाग चौकटीला जोडणारा बारीक दांडा, कापा. पॉलिस्टायरिन पुन्हा वितळवलं की त्याच्या लांब साखळ्या तुटतात आणि ते थोडं ठिसूळ होऊ शकतं. त्यामुळे शिंग आणि भाग एकमेकांत बसवणाऱ्या खुंट्या बोटांनी पिरगळून काढू नका. चुकीचा भाग बसला तर फटीत पातं फिरवून हळूच उघडा.

भागांवर कोरलेल्या रेषा भरायला काळी शाई निरुपयोगी आहे, राखाडी घ्या. एनॅमलची पातळ शाई मात्र उघड्या प्लास्टिकवर, विशेषतः घट्ट बसलेल्या सांध्यांत, ओतू नका. शाईतला थिनर ताण असलेल्या जागी शिरतो आणि खुंटी दुसऱ्या दिवशी चिरलेली सापडते. आधी क्लिअर कोट, म्हणजे पारदर्शक थर, मग शाई.

रंगवायचं असेल तर भांड्यांच्या साबणाने कोमट पाण्यात धुऊन वाळवा. पांढरा थेट मारलात तर पाच थर देऊनही मळकट दिसेल. आधी राखाडी प्रायमर, म्हणजे रंगाखालचा पहिला थर, हवाच. खरी मजा आहे ती चंदेरी ड्राय ब्रशमध्ये. ब्रश कागदावर जवळपास कोरडा पुसून कडांवरून फिरवला की झिजलेलं लोखंड समोर उभं राहतं, आणि त्यासाठी काळा पाया आयताच मिळालेला असतो. याच एका गोष्टीसाठी हे किट घ्यावं असं ठाम मत आहे.

मुंबई-कोकणात जून ते सप्टेंबर मॅट स्प्रे टाळा. दमट हवेत ओल्या थरात पाणी अडकतं आणि काळ्या अंगावर पांढुरकी झाक धरते. ती झाकायला जागाच नाही.

आठ महिन्यांत सतत हलवलेले खांदे आणि घोटे सैल होतात. सांध्याच्या गोळ्यावर फेविक्विकचा अगदी पातळ थर द्या आणि पूर्ण वाळल्यावरच, किमान तासाभराने, परत बसवा. घाई केली तर सांधा कायमचा चिकटतो. धूळ मेकअपच्या मऊ ब्रशने काढा, कापडाने पुसलं की मॅट भाग चकाकू लागतो.

उरलेले रनर टाकू नका. तांदळाच्या दाण्याएवढे तुकडे पातळ प्लास्टिक सिमेंटच्या, म्हणजे प्लास्टिक विरघळवून चिकटवणाऱ्या गोंदाच्या, बाटलीत रात्रभर ठेवले की काळी लापशी होते. फटी भरायला याहून जुळणारा रंग बाजारात मिळणार नाही. दोन दिवसांत ती थोडी आक्रसते, म्हणून जरा जास्त भरा आणि नंतरच घासा.