युरियाची गोणी की नॅनोची बाटली?

गव्हाला खताचा दुसरा हप्ता द्यायची वेळ झाली की प्रश्न येतोच: 45 किलोची युरियाची गोणी आणायची की पानांवर फवारायच्या नॅनो युरियाची अर्ध्या लिटरची बाटली? गोणी 266 रुपये 50 पैशांना, बाटली साधारण 225 रुपयांना. भावात फारसं अंतर नाही. अंतर आतल्या मालात आहे.

गोणीत 46 टक्के नत्र (नायट्रोजन), म्हणजे जवळजवळ 21 किलो. 2021 साली बाजारात आलेल्या पहिल्या नॅनो युरियात 4 टक्के, म्हणजे अख्ख्या बाटलीत 20 ग्रॅम. किलो नव्हे, ग्रॅम. नंतरच्या ‘नॅनो युरिया प्लस’मध्ये ते 20 टक्के केलं, तरी भरतात 100 ग्रॅमच. आणि बागायती गव्हाची शिफारस आहे एकरी 48 किलो नत्राची.

बाटलीची बाजू अशी मांडतात: कण 20 ते 50 नॅनोमीटरचे, पर्णरंध्रांतून थेट आत शिरतात, वाया जात नाहीत. गोणीतला युरिया वाया जातो हे खरंच आहे. काही अमोनिया होऊन उडतो, काही पाण्याबरोबर मुळांच्या खाली उतरतो, आणि पिकाच्या वाट्याला 30 ते 50 टक्केच येतो. पण 30 टक्के धरले तरी सहा किलो होतात! बाटलीतला थेंबन्‌थेंब पानाने शोषला तरी 20 ग्रॅम. कण कितीही बारीक करा, नत्राचं वजन वाढत नाही, आणि नत्राशिवाय दाण्यात प्रथिन भरत नाही.

लुधियानाच्या पंजाब कृषी विद्यापीठाने दोन वर्षं शेतात हे करून पाहिलं. नेहमीचा नत्र कमी करून त्याच्या जागी नॅनो युरिया फवारला, तेव्हा पूर्ण शिफारशीच्या तुलनेत गव्हाचं उत्पादन 21.6 टक्के घटलं, भाताचं 13 टक्के. दाण्यातला नत्रही उतरला. हे आकडे माझ्या मनाला फार लागतात, कारण आपल्याकडे एवढी घट म्हणजे वर्षाचा नफाच गेला.

फवारणीच करायची असेल तर साधा युरिया आहेच की. 15 लिटरच्या पंपाला 300 ग्रॅम, म्हणजे 2 टक्के. बादलीत विरघळवताना बादली हाताला गार लागते, मग गाळून पंपात ओतायचं. त्या एका पंपात 138 ग्रॅम नत्र, म्हणजे पहिल्या नॅनोच्या जवळजवळ सात बाटल्यांइतका. खर्च दोन रुपयांच्या आत. फक्त 2 टक्क्यांच्या वर जाऊ नका, आणि भर उन्हात फवारू नका, पानं करपतात.

मागच्या रब्बीत दुकानदाराने मला गोण्यांबरोबर लिंकिंगमध्ये, म्हणजे सक्तीच्या जोडखरेदीत, बाटली घ्यायला लावली. तुमच्याही घरात अशीच आली असेल, तर हप्ता पूर्ण देऊन वरून फवारा. तिच्या भरवशावर गोणी कमी करू नका.