एम-पैसा, अफगाणिस्तान : पोलिसांचा पगार थेट मोबाईलवर

रोशन या अफगाण मोबाईल कंपनीच्या, मोबाईलवरून पैसे पाठवायच्या या सर्व्हिसला माझ्याकडून पाचपैकी चार स्टार. २००८ ला व्होडाफोनच्या मदतीने सुरू झाली आणि २००९ मध्ये वर्दक प्रांतातल्या काही पोलिसांचा पगार हिच्यावरून द्यायला घेतला. आधी काय व्हायचं तर रोख रक्कम वरून खाली येताना प्रत्येक साहेब आपला वाटा काढून घ्यायचा, शिवाय हजेरीपटावर असलेली पण प्रत्यक्षात नसलेली माणसं, त्यांचाही पगार कुणाच्या तरी खिशात. मोबाईलवर पूर्ण रक्कम आली तेव्हा कित्येक शिपायांना वाटलं पगारवाढ झाली! अहो तो त्यांचाच पगार होता, पहिल्यांदाच पूर्ण मिळालेला. हे वाचून मला अक्षरशः चीड आली, जो माणूस चेकपोस्टवर जीव धोक्यात घालतो त्याचं अर्धपोटी राहणं म्हणजे उद्या त्यानेच ट्रकवाल्यांकडून पैसे उकळणं, आणि मग लोकांचा सरकारवर विश्वास कसा बसणार?

वाचता न येणाऱ्यांसाठी दरी आणि पश्तो या तिथल्या भाषांमध्ये आवाजी मेनू ठेवला, हे मला सगळ्यात आवडलं.

एक स्टार कापला कारण एका कमांडरने शिपायांची सिमकार्डंच काढून घेतली, त्यावर कंपनीवाले काय करणार, तिथे वरच्यांनीच कारवाई करायला हवी होती. मोबाईलवरचे पैसे रोख करून देणारे एजंटही गावोगावी कमी, रोकड मिळायची बोंब. तरी पगारवाटपासाठी रोखीपेक्षा शंभर पटीने चांगली.